सरांचा उपवास

मच्छिंद्र गर्ज्यांना 'सर' म्हणायला शिरसदऱ्याच्या लोकांनी बरीच वर्षं घेतली. शाळा विनाअनुदानित, म्हणजे शिकवायचं रोज आणि पगार कधीतरी होईल या भरवशावर. त्यात विषय शारीरिक शिक्षणाचा. गणिताच्या मास्तराला निदान शिकवणीची पोरं तरी मिळतात. शिट्टी वाजवणाऱ्याला कोण विचारतो? पारावरची मंडळी म्हणायची, "मच्छ्या शाळंत काय करतो? पोरं पळवतो!" आणि आपल्याच विनोदावर मांड्या थोपटून हसायची. मुली सांगून यायच्या, पगाराचं कळलं की निरोप यायचा बंद व्हायचा. असं करता करता लग्नाचं वय निघून गेलं. शाळेला अनुदान मिळालं तेव्हा सरांचे कानशिलावरचे केस पिकले होते. घरात ते आणि त्यांची आई झुंबरबाई, एवढाच संसार.

पण पोरं पळवण्याचं वेड काही गेलं नाही. मैदान म्हणजे गावाबाहेरचा मुरमाड माळ. त्यातले दगड वेचून, चुन्याची फक्की मारून सरांनी तिथं धावायचा गोल आखला होता. बाजाराच्या दिवशी त्यावर बकऱ्या बांधल्या जायच्या, लग्नसराईत मांडवाचे खड्डे पडायचे, पावसात फक्की वाहून जायची. सर परत आखायचे. निवडणुकीचं काम आलं की ते सरांच्या गळ्यात, जनगणना आली की ती सरांच्या गळ्यात, कारण 'तुम्हाला कुठं तास असतो?' असा मुख्याध्यापकांचा प्रेमळ प्रश्न ठरलेला. सर ती कामं उरकून उन्हं कलायच्या आत माळावर हजर व्हायचे.

या वेडाला कारण होतं. सरांचे आईवडील ऊसतोडीला जाणारे. पाथर्डीकडच्या या कोरड्या पट्ट्यात दसरा झाला की निम्मं गाव ट्रकांत बसून साखर कारखान्यांकडं निघतं आणि उन्हाळा लागला की परत येतं. मच्छिंद्र शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत पंधराशे मीटरला पहिला आला होता. जिल्ह्याची स्पर्धा नगरला होती. ज्या दिवशी ती झाली, त्या दिवशी मच्छिंद्र कोपरगावकडच्या एका उसाच्या फडात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकाला लावलेल्या फळीवर चढत होता. पुढं कुणी ओरडलं, "ए मच्छ्या, पळ की लवकर!" तेव्हा त्याला रडू कोसळलं होतं. ही गोष्ट सरांनी कुणाला सांगितली नाही. झुंबरबाईला तेवढी ठाऊक होती.

त्यामुळं पोरं का हरतात, हे सरांना कुठल्या शिबिरात जाऊन शिकावं लागलं नाही. पोर पायानं हरतच नाही, असं त्यांचं मत. ते आदल्या दिवशी कापूस वेचायला गेलेलं असतं म्हणून हरतं. बूट थोरल्या भावाचे असतात म्हणून हरतं. पोरीची पाळी आलेली असते, ती सांगत नाही, आणि सगळे म्हणतात हिला काय झालंय आज. नगरचं ते मोठं मैदान आणि बुटांचे खिळे वाजवत हिंडणारी शहरातली पोरं बघूनच आमच्या पोरांचे हातपाय गळतात, शर्यत नंतर होते. सरांनी यातल्या एकेका गोष्टीवर तोड काढली होती. जुने बूट गोळा करून ठेवले होते. आयांना भेटायला ते शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रंगुबाईला बरोबर घेऊन जायचे, म्हणजे बायकांचं बायकांत बोलणं व्हायचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशीच पोरांना नगरला नेऊन मैदानावर हिंडवून आणायचे. माणूस खरोखर गुणाचा होता. पुढं जे झालं ते सांगताना हे विसरायचं नाही.

धनश्री आठवीत होती तेव्हा सरांच्या नजरेला आली. हनुमंत आणि कडूबाईची ही थोरली पोरगी. बारीक, काळीसावळी, बोलायला कमी. विहिरीवरून हंडा आणतानासुद्धा चाल अशी सरळ की पाणी हिंदकळत नसे. सरांनी तिला पंधराशेला लावलं. वर्षभरात ती पोरांच्या बरोबरीनं पळायला लागली. नववीत गेली तशी तालुक्याला पहिली आली, आणि तीही अशी की मागच्या पोरीत आणि तिच्यात एक बैलगाडी सहज मावली असती. सरांनी त्या दिवशी माळाच्या कडेला बसून डोळे पुसले. पोरांना म्हणाले, डोळ्यांत धूळ गेली.

तिचं पळणं हा मात्र नुसता हौसेचा मामला नव्हता. हनुमंत आणि कडूबाई दरसाल तोडीला जायचे तेव्हा धनश्री आजीपाशी राहून शाळा करायची. आजी उन्हाळ्यात गेली. आता घराला कुलूप लागणार आणि पोरगी फडात जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. सर हनुमंताकडं गेले, म्हणाले, "माझ्याकडं राहू द्या. आई आहे घरात."

हनुमंत म्हणाला, "सर, तुमच्याबद्दल कुनी काई म्हनणार न्हाई, मला ठावं हाय. पन वयात आलेली पोरगी आन् तुमी बिनलग्नाचं. उद्या तिला सोयरीक येईल तवा लोकं इचारतील." तो खोटं बोलत नव्हता. सर उठून घरी आले.

राहता राहिला एक रस्ता. नाशिककडच्या एका मुलींच्या क्रीडा वसतिगृहात राहणं, खाणं, शाळा सगळं व्हायचं. तिथल्या प्रशिक्षक बाईंना सरांनी धनश्रीचं पळणं मोबाईलवर दाखवलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "जागा एकच आहे, सर. तुमच्या जिल्ह्याच्या स्पर्धेला मी स्वतः येते. पंधराशेला जी पहिली येईल तिला घेऊन जाते." जिल्ह्याची स्पर्धा होती नवरात्रात. दसऱ्यानंतर तोडीची माणसं न्यायला मुकादमाचा ट्रक येणार होता. म्हणजे पोरगी पहिली आली तर नाशिक, नाही आली तर ऊस. यात मधलं काही नव्हतं.

आता उपवासाचं. आमच्याकडं नवरात्रात मोहट्याच्या देवीचे उपवास घरोघरी असतात. कुणी उठता-बसता धरतं, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. कुणी नऊ दिवस भगर-शेंगदाण्यावर काढतं. कुणी पायात घालत नाही. सर नऊ दिवसवाले. काही वर्षांपूर्वी पोरींच्या खो-खोचा सामना नवरात्रात आला, सर अनवाणी मैदानावर उभे होते, आणि आपल्या पोरी जिंकल्या. झालं! गावानं निकाल लावला की हे सरांच्या उपासाचं फळ. ज्या पारावर 'मच्छ्या' चालायचं तिथं 'सर' सुरू झालं. बायका वाटेत थांबवून म्हणायला लागल्या, "सर, आवंदाबी धरा बरं का पोरांसाठी." इतकी वर्षं ज्याला कुणी धड हाक मारली नव्हती त्याला हे गोड लागलं, यात नवल काय? सर दरसाल घट बसले की प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर उपवास बोलून दाखवू लागले.

या वर्षी तर धनश्रीचा प्रश्न होता. पहिल्या माळेला सर अनवाणी पायांनी पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा मी नवरात्र निरंकार करणार आहे. पाण्याशिवाय काही घेणार नाही. आपल्या धनश्रीसाठी. ती धावेल तेव्हा तिच्या मागं माझी नऊ दिवसांची भूक असेल." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांचे डोळे पाणावले. धनश्री पोरींच्या रांगेत मान खाली घालून उभी होती. प्रार्थना संपल्यावर तिनं पायातले बूट काढले, सरांनीच दिलेले, आणि दप्तरात ठेवले. सरांनी ते पाहिलं. त्यांना इतका अभिमान वाटला की दिवसभर भूक लागलीच नाही.

दुसरी माळही निभावली. तिसऱ्या माळेला माळावर शिट्टी फुंकताना त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. घरी आले तर झुंबरबाई चुलीपुढं बसलेली. तिनं दूध तापवलं होतं, भगर शिजवली होती.

"आई, मी निरंकार धरलाय."

"धरलास तर धरलास. तोंड बग तुजं. देवी काय जीव घ्यायला बसली हाय व्हय? पी."

सरांनी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा प्याले. भगरही खाल्ली, वर शेंगदाण्याची आमटी. म्हाताऱ्या आईचं मन मोडवलं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. भगर-दूध म्हणजे उपवासच की, असंही समजावलं. मनाची समजूत घालायला शिकलेल्या माणसाला कारणांचा तोटा नसतो. त्यानंतर रोज दार लोटून घेऊन त्यांचं जेवण होऊ लागलं. शाळेत कुणी विचारलं, "सर, उपास कसा चाललाय?" तर ते नुसतं हसायचे आणि म्हणायचे, "देवी चालवते." हे खोटं नव्हतं, असं त्यांना वाटायचं. मला विचाराल तर हे खोट्यापेक्षा वाईट होतं, पण मला तेव्हा कोण विचारत होतं?

चौथ्या-पाचव्या माळेला धनश्रीचं पळणं उतरलं. सुरुवात बरी करायची, पण अर्ध्यात पाय ओढल्यासारखे पडायला लागायचे. ओठ कोरडे दिसायचे. सरांना वाटलं, स्पर्धेची भीती. मग वाटलं, घरी आवराआवर चाललीय, कडूबाई हिच्याकडून कामं करून घेत असणार. ज्या माणसाला पोरांच्या हरण्याची सगळी कारणं तोंडपाठ, त्यानं सगळी कारणं तपासली. बूट, झोप, पाळी, भीती, सगळं रंगुबाईमार्फत विचारून झालं. पोटात काय आहे, हे मात्र विचारलं नाही. आठवीपर्यंतची पोरं शाळेत खिचडी खातात, त्यांची ताटं डोळ्यांसमोर असतात. नववीच्या पोरी डबा घेऊन झाडाखाली बसतात, तिथं कोण बघायला जातो? शिवाय सर स्वतः उपाशी माणूस म्हणून गावभर मिरवत होते. दुसऱ्याला 'जेवलीस का' विचारायची त्यांची सवयच तेवढ्या दिवसांपुरती सुटली होती.

एकदा ते चिडलेही. "धनश्री, तुझ्यासाठी मी काय करतोय ते दिसतंय ना तुला? मग पाय उचलायला काय होतंय?"

"उचलते, सर," ती म्हणाली. आणि खरोखरच त्या फेरीला जीव खाऊन पळाली. सरांना वाटलं, बोलण्याचा उपयोग झाला.

सातव्या माळेला नगरचं मैदान. मुख्य रस्त्यापासून आतपर्यंत पोरांची गर्दी, भोंग्यावर नावं पुकारली जात होती, आणि ऊन आश्विनातलं, डोकं भाजणारं. सरांनी सगळ्या पोरांना केळी वाटली. धनश्रीनं घेतलं आणि म्हणाली, "नंतर खाते, सर. आता खाल्लं तर पळताना दुखतं." हे सरांनीच तिला शिकवलं होतं. कडूबाई तांबडं लुगडं नेसून आली होती. लेकीचं पळणं ती पहिल्यांदाच बघणार होती. नाशिकच्या बाई टोपी घालून कठड्याला टेकून उभ्या होत्या. सरांनी दुरून नमस्कार केला.

बार उडाला. धनश्री अनवाणीच होती. पहिल्या फेरीत मागं राहिली, दुसरीत वर आली, तिसरीत तर एका मोठ्या शाळेच्या पोरीला मागं टाकून पहिली झाली. सर कठड्याच्या कडेनं तिच्याबरोबर पळत होते, ओरडत होते, "धर, धर, तशीच धर!" बाई कठड्यावरून पुढं वाकल्या. कडूबाईनं पदर तोंडात धरला होता. शेवटची फेरी लागली, समोरची सरळ बाजू गेली, वळण आलं. वळणावर धनश्रीचा पाय वाकडा पडला. ती सावरली. परत पडला. मग ती पळता पळता डावीकडं झुकत गेली, आखलेल्या रेषा ओलांडून आतल्या गवतावर गेली, आणि गुडघ्यांवर बसली. उठायला बघत होती. हात जमिनीला टेकवून ढुंगण वर करून उठायला बघत होती, रांगतं पोर उठतं तशी. बाकीच्या पोरी तिच्या बाजूनं निघून गेल्या. मग ती आडवी झाली.

दवाखान्यात सलाईन लावल्यावर ती शुद्धीवर आली. डॉक्टर तरुण पोरगी होती. तिनं नाडी धरून विचारलं, "सकाळी काय खाल्लं होतंस?"

धनश्रीनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"काल रात्री?"

मग कडूबाईच म्हणाली, "बाई, तिचा निरंकार हाय. घट बसल्यापासनं. निसतं पानी आन् कोरा चहा. मी म्हनलं भगर तरी खा, तर म्हनली, सर माझ्यासाठी उपाशी हायेत, मी कशी खाऊ?" हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडा मान होता. ती सरांकडं वळून म्हणाली, "तुमची लई माया हाय तिच्यावर, सर. तिचीबी हाय."

डॉक्टरनं सरांकडं पाहिलं. "तुम्ही शिक्षक ना? दिवसांमागून दिवस न जेवता पंधराशे मीटर? आणि सराव?" सरांच्या पोटात त्या वेळी सकाळचं दूध होतं आणि वाटीभर भगर होती. तिथंच, त्या खाटेपाशी, सांगून टाकायला हवं होतं. धनश्री उशीवरून त्यांच्याकडं बघत होती, अपराध्यासारखी. सर एवढंच म्हणाले, "आराम कर."

ते परत मैदानावर धावत गेले. बाई गाडीत बसायच्या बेतात होत्या, शेजारी दुसऱ्या शाळेची एक पोरगी, गळ्यात पदक. सरांनी हात जोडले. "बाई, उपवास होता तिचा. जेवली असती तर..."

"मी बघितलं, सर. पोरगी अस्सल आहे," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "पण जागा एकच, आणि ही जिंकलीय. हिला काय सांगू?" गाडी गेली.

दसऱ्याला लोकांनी सरांना आपट्याची पानं दिली. पारावर कुणी म्हणालं, "उपासात काईतरी चुकलं असंल पोरीच्या. सरांनी तर आपलं केलं." बाकीच्यांनी माना हलवल्या. सर तिथं बसलेले होते. त्यांनीही मान हलवली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण त्या दिवशी ते जर बोलले असते तर निदान पोरीच्या माथ्यावरचा दोष उतरला असता. पण 'सर' ही हाक इतक्या उशिरा मिळाली होती की ती परत द्यायची छाती त्यांच्यात नव्हती.

ट्रक आला. भांडीकुंडी, पाल, शेळ्या, लहानगी पोरं, वर माणसं. धनश्री मागच्या फळीपाशी बसली होती, मांडीवर धाकटा भाऊ. सर पोचवायला गेले. तिनं खाली वाकून बूट त्यांच्या हातात दिले. "दुसऱ्या कुनाला हुतील, सर. मला तिकडं काय कराय?" ट्रक हलला तेव्हा सरांच्या हातात ते बूट होते.

त्यानंतर सर बदलले. माळावर जायचे, पण शिट्टी गळ्यात नुसती लोंबायची. घरी ताटावर बसले की घास फिरायचा. झुंबरबाईला कळत होतं. एकदा ती म्हणाली, "मच्छिंद्रा, मीच पाजलं तुला. माज्यावर ढकल आन् मोकळा हो."

"तू पाजलंस, आई. मी लपवलं," सर म्हणाले. म्हातारी चुलीतली राख सारखी करत बसली.

संक्रांतीला त्यांना राहवलं नाही. ते बस बदलत कोपरगावकडं गेले, आणि विचारत विचारत हनुमंताच्या टोळीच्या फडावर पोचले. लांबवर पसरलेला ऊस, कोयत्यांचा खटखट आवाज, पाचटाची धूळ. याच भागात कुठंतरी ते स्वतः मोळ्या वाहत होते. बांधावरून चालताना पाय आपोआप ओळखीचे पडले. उसाच्या पानांनी शाकारलेल्या कोप्यांपाशी कडूबाई भाकरी थापत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला. "सर! एवढ्या लांब? बसा, बसा."

धनश्री ट्रक भरायला लागली होती. डोक्यावर चुंबळ, त्यावर उसाची मोळी, आणि जमिनीपासून ट्रकाच्या हौद्यापर्यंत टेकवलेली अरुंद फळी. ती फळीवरून न थांबता वर चढली, मोळी टाकली, आणि हलकी होऊन पळतच खाली आली. तेच पाय, तीच ताठ मान. तोंडावर उसाच्या पानांनी कापल्याचे बारीक ओरखडे होते. सरांना बघून ती हसली, आणि पहिलं काय विचारलं असेल तर, "सर, जेवलात का?"

सर कोपीच्या सावलीत बसले. ती समोर उकिडवी बसली, हात कमरेला बांधलेल्या जुन्या सदऱ्याला पुसत. इकडंतिकडं बघून, आई भाकरीत गुंतली आहे याची खात्री करून, ती हळूच म्हणाली, "सर, मला तुमास्नी एक सांगायचं हुतं. गाडीत बसताना धाडस झालं न्हाई. रागवू नका."

"बोल."

"पाचव्या माळंला माझं डोकं लई गरगरत हुतं. बारक्याच्या हातात बिस्कीट हुतं, त्याचा तुकडा मी तोंडात टाकला. मग ध्यानात आलं, थुकला. पन थोडा पोटात गेलाच." तिनं सदऱ्याचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हनून देवी कोपली. तुमी नऊ दिवस पान्यावर काढले आन् मी एका बिस्कीटापायी सगळं वाया घालवलं. आजून कुनालाच सांगितलं न्हाई मी. आईलाबी न्हाई."

सरांनी डोळे मिटून घेतले. ही पोर तेवढ्याशा तुकड्याचं ओझं एवढे दिवस, या मोळ्यांच्या वर, डोक्यावर घेऊन हिंडत होती. त्यांना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. मग ते बोलले, एका दमात, न थांबता. "धनश्री, ऐक. मी उपाशी नव्हतो. तिसऱ्या माळेपासून मी दूध पीत होतो, रोज भगर खात होतो, दार लावून. तुमच्यासमोर निरंकार म्हणून मिरवलो. तू हरलीस ती बिस्किटामुळं नाही. तू हरलीस कारण तू उपाशी होतीस, आणि तू उपाशी होतीस कारण मी खोटं बोललो. यात देवीचा काही संबंध नाही. सगळा दोष माझा आहे."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता ही रडेल, नाहीतर उठून जाईल, नाहीतर थुंकेल. काहीही करावं. त्यांची तयारी होती.

धनश्रीचे डोळे भरून आले आणि ती हसली, समजूतदार बाईसारखी.

"माझ्या मनाला लागू नये म्हनून म्हनताय न्हवं, सर?" ती म्हणाली. "मला कळतंय. तुमी कवा खोटं बोलत न्हाई. आज माझ्यासाठी बोलला."

"नाही गं, पोरी. खरंच सांगतोय. माझ्या आईला विचार..."

"असू द्या, सर. माझं पाप तुमी नका घेऊ."

ट्रकाकडून मुकादमाची हाक आली. ती उठली. कडूबाईनं थापलेल्या गरम भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवून तिनं ती सरांच्या हातात दिली, तिळगुळाचा एक खडा वर ठेवला. "आता जेवा, सर. लई वाळलाय तुमी," म्हणाली, आणि चुंबळ डोक्यावर ठेवून निघाली.

सर भाकरी धरून बसले. कडूबाई चुलीजवळून म्हणाली, "खावा, सर, गार हुईल." त्यांनी तुकडा मोडून तोंडात घातला. समोर धनश्री मोळी घेऊन फळीवर चढत होती. वर पोचून तिनं मोळी टाकली, आणि उतरण्याआधी कोपीकडं वळून बघितलं, सर जेवतायत की नाही ते. सरांनी तिला दिसेल असा दुसरा तुकडा मोडला.